स्त्री-परिषदांचे ठराव : अखिल भारतीय महिला परिषद आणि नागपूरची दलित वर्ग महिला परिषद

संघटनेचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा तिच्या ठरावांची यादी देतात. कोणत्या वर्षी, कोणत्या गावी, कोणाच्या अध्यक्षतेखाली कोणता ठराव संमत झाला, एवढे नोंदविले की इतिहास पूर्ण झाला असे मानले जाते. परंतु ठराव हा शेवटचा टप्पा होय. त्याच्या आधी एक निवड झालेली असते. समाजात प्रश्न असंख्य असतात. त्यांतील काही सभामंडपापर्यंत पोहोचतात आणि काही उंबरठ्याबाहेरच राहतात. कोणता प्रश्न आत यावा हे कोण ठरविते, कोणत्या रीतीने ठरविते, आणि ठरल्यावर त्या प्रश्नासाठी कोणत्या साधनांनी लढा दिला जातो, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय ठरावांच्या यादीचा अर्थ लागत नाही.

प्रस्तुत निबंधात भारतातील दोन स्त्री-संघटनांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. पहिली म्हणजे १९२७ साली पुण्यात जन्मास आलेली अखिल भारतीय महिला परिषद. दुसरी म्हणजे २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे भरलेली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद व तिच्यातून उभे राहिलेले फेडरेशन. या दोन संघटना परस्परांस अपरिचित नव्हत्या. त्यांची एक भेट झाली होती, आणि ती नागपुरातच झाली होती. त्या भेटीची हकीकत या लेखाच्या मध्यभागी आहे.

ठरावाची परंपरा

सभेने विधिपूर्वक ठराव करण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांनी आणली, असा एक समज रूढ आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या समजाला उत्तर दिले. आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान इत्यादी संसदीय नियम बुद्धकालीन भिक्खू संघाला माहीत होते व संघ ते पाळीत असे, हे त्यांनी तेथे स्पष्ट केले. विनयपिटकाच्या वाचकांस ज्ञप्ती व अनुश्रावण यांची पद्धती परिचित आहेच. तीत एक मार्मिक नियम आहे. सीमेतील जो भिक्खू आजारपणामुळे उपस्थित राहू शकत नाही त्याचा छंद, म्हणजे संमती, दुसऱ्याने आणून संघापुढे सांगावी लागते. तसे न करता अपुऱ्या संघाने केलेले कर्म ‘वग्ग’, म्हणजे खंडित, आणि म्हणून सदोष ठरते. निर्णय योग्य आहे की नाही, याच्या आधी निर्णय घेणारा संघ समग्र आहे की नाही, असा हा प्रश्न आहे. पुढील विवेचनात हा निकष मनात ठेवावा, एवढीच विनंती.

पुणे, १९२७ : शिक्षणापासून आरंभ

महिला परिषदेच्या आधी स्त्रियांच्या अखिल भारतीय संघटना नव्हत्या असे नाही. सामाजिक परिषदेच्या जोडीने १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली होती व रमाबाई रानडे तिच्या अध्यक्षा होत्या. १९१७ साली मद्रासजवळ अड्यार येथे विमेन्स इंडियन असोसिएशनची, तर १९२५ साली नॅशनल कौन्सिल ऑफ विमेन इन इंडिया या संस्थेची स्थापना झाली. तथापि प्रश्न निवडण्याची एक पायरीबद्ध, देशव्यापी व्यवस्था प्रथम उभी केली ती अखिल भारतीय महिला परिषदेने.

तिचा उगमच एका प्रश्नातून झाला. १९२६ साली बंगालचे शिक्षण संचालक ओटन यांनी कलकत्त्याच्या बेथून महाविद्यालयातील समारंभात स्त्रियांनाच आवाहन केले की, तुम्हांस कसले शिक्षण हवे ते तुम्हीच एकमुखाने सांगा. मार्गारेट कझिन्स यांनी हे आवाहन उचलले आणि ठिकठिकाणच्या स्त्रियांना पत्रे लिहून स्थानिक परिषदा भरविण्यास सांगितले. त्या स्थानिक परिषदांनी आपापली मते नोंदविली, प्रतिनिधी निवडले, आणि ते प्रतिनिधी ५ ते ८ जानेवारी १९२७ या काळात पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात एकत्र आले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या.

पुढे हीच रीत संघटनेची घटना बनली. गावातील शाखा, तिच्यावर मतदारसंघ या नावाने ओळखली जाणारी प्रादेशिक समिती, तिच्यावर स्थायी समिती, आणि सर्वांत वर डिसेंबर-जानेवारीत भरणारे वार्षिक अधिवेशन, अशी ही रचना होती. खालून आलेले ठराव वरपर्यंत जात आणि अधिवेशनात संमत झालेला ठराव वर्षभराचे कार्य म्हणून पुन्हा खाली येई. त्या काळच्या मानाने ही पद्धती खरोखर लोकशाहीची होती, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या स्त्रियांना नगरपालिकेतही क्वचितच मत होते, त्या येथे मसुदा तयार करीत, दुरुस्ती सुचवीत, मत देत आणि मतमोजणीत हरतही. हे शिक्षण कमी महत्त्वाचे नव्हते.

पहिल्या अधिवेशनाचा विषय केवळ शिक्षणसुधारणा हा होता. परंतु शिक्षणाचा धागा ओढू लागताच त्याला दुसरे धागे गुंतलेले आढळले. मुलगी शाळेत का टिकत नाही? कारण तिचे लग्न होते. म्हणून बालविवाहाचा प्रश्न आला. लग्नाचे वय कायद्याने वाढवावयाचे तर कायदेमंडळात स्त्री का नाही? म्हणून मताधिकाराचा प्रश्न आला. अशा रीतीने दोन-तीन वर्षांतच संघटनेने आपले क्षेत्र शिक्षणाबरोबर सामाजिक सुधारणेपर्यंत वाढविले. प्रश्न निवडण्याचा हा एक प्रकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका सर्वमान्य प्रश्नाला हात घालावयाचा आणि त्याच्या कारणांचा माग काढीत कमी मान्य असलेल्या प्रश्नांपर्यंत जावयाचे.

एका मोहिमेची घडण : शारदा कायदा

परिषदेच्या कार्यपद्धतीचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे बालविवाह प्रतिबंधक कायद्याची मोहीम. रायसाहेब हरबिलास शारदा यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले होते. १९२८ च्या दिल्ली अधिवेशनाने त्यास पाठिंबा दिला, आणि केवळ ठराव करून न थांबता स्त्रियांचे शिष्टमंडळ व्हाइसरॉय व निरनिराळ्या पक्षांचे नेते यांना भेटले. त्याच वर्षी सरकारने संमतिवयाच्या प्रश्नावर सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत रामेश्वरी नेहरू या सदस्या होत्या. समितीपुढे साक्षी देणे, शाखांकडून माहिती गोळा करणे, स्थानिक सभा घेऊन त्यांचे ठराव सरकारकडे पाठविणे, कायदेमंडळातील चर्चेच्या वेळी प्रेक्षकसज्जात स्त्रियांनी उपस्थित राहणे, अशी अनेक अंगे या मोहिमेस होती. सप्टेंबर १९२९ मध्ये कायदा संमत झाला व १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मुलीसाठी १४ व मुलासाठी १८ ही वयोमर्यादा ठरली.

कायद्याची अंमलबजावणी दुबळी होती, हे सर्वश्रुत आहे. परंतु आपल्या प्रश्नाची मोहीम काढून ती कायद्यापर्यंत नेता येते, हा अनुभव स्त्रियांच्या संघटनेला प्रथमच आला. हीच साधने, म्हणजे निवेदन, शिष्टमंडळ, साक्ष, ‘दिन’ पाळणे आणि कायदेमंडळातील सहानुभूतीदार सभासद, पुढे वारसाहक्क, घटस्फोट व मताधिकार या प्रश्नांवर वापरली गेली. १९३४ साली स्त्रियांच्या कायदेशीर अपात्रतांच्या चौकशीची मागणी करून त्यासाठी स्वतंत्र दिन पाळण्यात आला. संततिनियमनासारख्या त्या काळी अवघड गणल्या जाणाऱ्या विषयावरही परिषदेने चर्चा केली. १९३५ च्या अखेरीस त्रिवेंद्रम येथील अधिवेशनात मार्गारेट सँगर यांचे भाषण झाले.

तथापि या व्यवस्थेला एक चाळणी होती. घटनेत तिचा उल्लेख नव्हता, तरी तिचे काम चोख चाले. अधिवेशनाचा पुष्कळसा व्यवहार इंग्रजीतून चाले. प्रवास, मुक्काम व वर्गणी यांचा भार सोसणारी स्त्रीच प्रतिनिधी होऊ शके. अधिवेशन कामाच्या दिवसांतही भरे, तेव्हा रोजंदारी बुडवून कोणती स्त्री तेथे जाणार? शाखा सुशिक्षित कुटुंबांच्या परिचयातून उभ्या राहात. दारे कोणासही बंद नव्हती. पण दारापर्यंतची वाट सर्वांना सारखी नव्हती.

याचा परिणाम ठरावांच्या विषयांपेक्षाही त्यांच्या स्वरावर झाला. परिषदेने श्रमिक स्त्रियांचा विचारच केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्या स्त्रियांच्या स्थितीकडे तिने लक्ष वेधले. १९४३ साली युद्धाच्या निकडीमुळे ही बंदी सरकारने उठविली, तेव्हा तिने विरोधही केला. त्या वेळी मजूर खात्याचे काम स्वतः डॉ. आंबेडकरांकडे होते. त्यांनी कायदेमंडळात हा निर्णय आणीबाणीतील तात्पुरता उपाय म्हणून समर्थिला. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. या वादात परिषदेची बाजू दुर्लक्षणीय नव्हती. परंतु खाणीत उतरणारी स्त्री परिषदेच्या ठरावात विषय म्हणून येते, प्रस्तावक म्हणून येत नाही. ठराव तिच्यासाठी असतो, तिचा नसतो. अस्पृश्यतानिवारणाच्या ठरावांचेही असेच झाले. १९३२ नंतर हा विषय परिषदेच्या कार्यक्रमात नियमितपणे येऊ लागला. मात्र अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रिया या परिषदेच्या सभासद म्हणून शेजारी येऊन बसल्या तर काय होईल, याची परीक्षा अद्याप व्हावयाची होती.

नागपूर, डिसेंबर १९३७ : एक पंगत

ती परीक्षा नागपूरच्या अधिवेशनात झाली. डिसेंबर १९३७ मधील या अधिवेशनाच्या अध्यक्षा राजकुमारी अमृत कौर होत्या. अस्पृश्य समाजातील ज्या कार्यकर्त्या तेथे गेल्या त्यांत जाईबाई चौधरी होत्या.

जाईबाईंचा परिचय येथे थोडक्यात करून दिला पाहिजे. अल्पवयात विवाह, दारिद्र्य, आणि नागपूर-कामठी दरम्यान डोक्यावरून ओझी वाहण्याचे काम, असे त्यांचे आरंभीचे जीवन होते. त्यांना वाचता येते हे एका मिशनरी बाईंच्या लक्षात आले व त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळाली. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकविते हे स्पृश्य पालकांना मानवले नाही आणि ती नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या वस्तीत मुलींसाठी शाळा काढली व तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. म्हणजे ज्या विषयाकरिता महिला परिषदेचा जन्म झाला होता, त्या स्त्रीशिक्षणाच्या विषयात जाईबाईंचा अधिकार कोणाहून कमी नव्हता. किंबहुना त्यांनी जी किंमत मोजली होती ती सभामंडपातील फारच थोड्या जणींनी मोजली असेल.

अधिवेशनात भोजनाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसविण्यात आले. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन सिद्ध केलेल्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथामुळे ही हकीकत विस्मृतीतून वर आली. नागपूरच्या अस्पृश्य स्त्रियांनी हा अपमान गिळला नाही. जानेवारी १९३८ च्या आरंभीच त्यांनी निषेधसभा घेतली आणि आपली स्वतंत्र संघटना हवी असा विचार तेथून बळावला.

ही घटना एखाद्या यजमानीणबाईच्या कर्मठपणाची म्हणून सोडून देता येणार नाही. पंगत हे त्या काळी सभासदत्वाचे खरे मोजमाप होते. जिच्याशेजारी बसून घास घेता येत नाही, तिच्या तोंडून आलेला प्रस्ताव आपला मानता येत नाही. अस्पृश्यतेविरुद्धचा ठराव सभामंडपात संमत होत होता आणि अस्पृश्यता भोजनमंडपात पाळली जात होती. या दोन मंडपांतील अंतर पाहिले म्हणजे केवळ ठरावांच्या यादीवरून इतिहास का लिहू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. विनयाच्या भाषेत बोलावयाचे तर ती सभा ‘वग्ग’ होती.

नागपूर, जुलै १९४२ : दुसरी परिषद

अस्पृश्य स्त्रियांची जागृती १९३८ साली सुरू झाली असे नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले होते. १९२८ च्या आरंभी मुंबईत स्त्रियांचे मंडळ स्थापन झाले व रमाबाई आंबेडकर त्याच्या अध्यक्षा झाल्या. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात स्त्रियांनी भाग घेतला. विदर्भात कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली, आणि बिडीच्या धंद्यात स्त्रियांची संख्या मोठी होती. नागपूरच्या कापड गिरण्यांतही या समाजाच्या स्त्रिया कामाला होत्या. संघटनेची ही पूर्वतयारी गिरणीच्या दारात, बिडीच्या कारखान्यात आणि वस्तीतील सभेत झाली. नंतर जे ठराव झाले ते समजून घेण्यास ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

१८ व १९ जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली व तीतून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. दुसऱ्या दिवशी, २० जुलै रोजी, त्याच ठिकाणी महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या आणि स्वागताध्यक्षा कीर्तीबाई पाटील होत्या. मुख्य परिषदेला जमलेल्या सुमारे ७० हजारांच्या समुदायात स्त्रियांची संख्या २० ते २५ हजार होती, असे तत्कालीन वृत्तांत सांगतात. समाजाची प्रगती मी त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, या आशयाचे बाबासाहेबांचे प्रसिद्ध विधान याच परिषदेतील आहे. विवाहाची घाई करू नका, मुलींना शिकवा, आणि पत्नीने पतीची दासी नव्हे तर बरोबरीची मैत्रीण व्हावे, असा उपदेशही त्यांनी तेथे केला.

परिषदेचे ठराव वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती त्यांच्या नेमकेपणाची. पत्नीला घटस्फोटाचा हक्क असावा व बहुपत्नीकत्व कायद्याने बंद व्हावे, हे ठराव झाले. गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाकाठी २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची पगारी हक्काची रजा, इजा झाल्यास नुकसानभरपाई, आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावे, अशी मागणी झाली. जेथे स्त्रिया कामाला आहेत अशा गिरण्यांत देखरेखीसाठी स्त्री-अधिकारी नेमाव्यात, प्रत्येक प्रांतात सरकारने ५० मुलींसाठी वसतिगृह चालवावे, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, कायदेमंडळे व स्थानिक संस्था यांत दलित स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात, असेही ठराव झाले. शेवटी अखिल भारतीय दलित महिला फेडरेशन स्थापन करण्याचे ठरले.

‘श्रमिक स्त्रियांची स्थिती सुधारावी’ असे सामान्य वाक्य कोणासही लिहिता येते. एकवीस दिवस, वीस वर्षे, पंधरा रुपये हे आकडे लिहिण्यासाठी रजा न मिळाल्याचा दिवस आठवावा लागतो. पहाऱ्यावरील पुरुष मुकादमाची नजर सोसलेलीच स्त्री-अधिकाऱ्याची मागणी करते. येथे प्रश्न निवडला गेला तो प्रश्न सोसणाऱ्यांकडून.

घटस्फोटाच्या ठरावाविषयी एक शंका उपस्थित होऊ शकते. महाराष्ट्रातील अनेक बहुजन व अस्पृश्य जातींत काडीमोड व पाट यांची रूढी होतीच. ज्यांना रूढीने सोडचिठ्ठी उपलब्ध होती, त्या स्त्रियांनी कायद्याचा हक्क का मागावा? याचे उत्तर रूढीच्या स्वरूपात आहे. काडीमोड मिळे ती जातपंचायतीच्या कृपेने, तिच्या अटींवर, तिने ठरविलेला दंड भरून. पत्नीला तेथे स्वतःच्या नावे दाद मागण्याचा अधिकार क्वचितच असे. रूढीची सवलत आणि कायद्याचा हक्क यांतील हा भेद या स्त्रियांनी ओळखला होता. उच्चवर्णीय स्त्री घटस्फोट मागत होती ती विवाह अविच्छेद्य मानणाऱ्या धर्मशास्त्राविरुद्ध. दलित स्त्री तो मागत होती पंचायतीच्या सत्तेविरुद्ध. मागणी एक होती, पण तिच्यामागील अनुभव दोन होते. दुसरा अनुभव स्वतंत्र परिषद भरली नसती तर नोंदलाच गेला नसता.

राखीव जागांचा प्रश्न

दोन्ही संघटनांत खरा विरोध दिसतो तो प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर. गोलमेज परिषदेच्या काळात महिला परिषद व तिच्या दोन सहकारी संघटना यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली आणि राखीव जागा नकोत असे निक्षून सांगितले. १९३३ साली संयुक्त संसदीय समितीपुढे राजकुमारी अमृत कौर, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी व शरिफा हमीद अली यांनी हीच भूमिका मांडली. आम्हांस समता हवी, मेहेरबानी नको, असा तिचा गाभा होता. १९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत बोलताना हंसा मेहता यांनी, आम्ही राखीव जागा कधी मागितल्या नाहीत, आम्हांस न्याय हवा आहे, हेच अभिमानाने सांगितले.

ही भूमिका स्वाभिमानाची होती यात शंका नाही. जातवार फाळणी करणाऱ्या सरकारी धोरणाचा तिला संशय होता, तोही निराधार नव्हता. परंतु तिच्यामागे एक गृहीत होते. ते असे की, खुल्या स्पर्धेत निवडून येणारी स्त्री सर्व स्त्रियांची बाजू मांडील. १९३७ च्या पंगतीनंतर दलित स्त्रियांना हे गृहीत मान्य होणे अशक्य होते. ज्या सभेत सर्वच स्त्रिया होत्या त्या सभेतही आपले पान वेगळे मांडले जाते, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून समतेच्याच तत्त्वावरून त्या उलट निष्कर्षावर आल्या. १९४२ चा राखीव जागांचा ठराव हा त्या निष्कर्षाचा लेखी पुरावा होय.

साधने आणि त्यांच्या मर्यादा

ठरावांच्या पाठपुराव्याची साधनेही निराळी होती. महिला परिषदेकडे कार्यालय, इंग्रजी पत्रव्यवहार, वार्षिक अहवाल व सत्ताधाऱ्यांशी परिचय होता. दलित महिला फेडरेशनपाशी यांतील काहीच नव्हते. तिच्यापाशी वस्तीची सभा होती, जलसे होते, मोर्चा होता आणि तुरुंगात जाण्याची तयारी होती. १९४४ साली कानपूर येथे आणि ६ मे १९४५ रोजी मुंबईत तिच्या परिषदा झाल्या. मुंबईच्या परिषदेच्या अध्यक्षा मद्रासच्या मीनाम्बाळ शिवराज होत्या. १९४६ साली फेडरेशनने पुणे व नागपूर येथे सत्याग्रह केला, तेव्हा अनेक स्त्रियांनी कारावास पत्करला. शांताबाई दाणी त्यांपैकी एक होत. त्यांचे ‘रात्रंदिन आम्हां’ हे आत्मकथन या कालखंडाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे.

येथे एक उणीवही प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. महिला फेडरेशनच्या परिषदा बहुतेक वेळा मुख्य पक्षाच्या अधिवेशनाला जोडून भरत. दोन परिषदांच्या दरम्यान ठरावांचा पाठपुरावा करणारी कायम समिती, सभासदांची नोंद, स्वतःचा निधी व स्वतःचे दप्तर यांची बांधणी महिला परिषदेच्या तोडीने झाली नाही. मागण्या कायद्यापर्यंत गेल्या त्या मुख्यतः बाबासाहेब सरकारात असल्यामुळे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी प्रसूती-रजेच्या विधेयकाचे समर्थन केले होते. मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. एका थोर नेत्याच्या पाठबळावर संघटना वाढते हे खरे. पण तिचे दप्तर तिच्या हाती नसेल तर तिचा इतिहासही तिच्या हाती राहत नाही. म्हणूनच १९४२ च्या परिषदेची हकीकत पुढे साडेचार दशके वृद्ध कार्यकर्त्यांच्या स्मृतीत व जुन्या वृत्तपत्रांच्या घड्यांत पडून राहिली.

दोन प्रवाहांची गाठ

हे दोन प्रवाह एका संघटनेत कधी मिळाले नाहीत. ते मिळाले एका विधेयकात. महिला परिषद १९३४ पासून हिंदू कायद्याच्या सुधारणेसाठी झटत होती. राव समितीपुढे तिच्या सभासदांनी साक्षी दिल्या. नागपूरच्या दलित स्त्रियांनी १९४२ साली एकपत्नीत्व व घटस्फोट यांची मागणी केली होती. कायदामंत्री डॉ. आंबेडकर यांनी हिंदू कोड बिल पुढे नेले तेव्हा या दोन्ही मागण्या त्यात एकवटल्या. बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत या बिलाची दैना हे एक प्रमुख कारण होते. पुढे १९५५ व १९५६ साली तेच कायदे तुकड्यातुकड्यांनी संमत झाले. आज हिंदू विवाह कायद्याखाली दाद मागणाऱ्या स्त्रीला या दोन्ही परिषदांचे ऋण आहे, मात्र पाठ्यपुस्तकांत तिला बहुधा एकीचेच नाव वाचावयास मिळते.

राखीव जागांच्या वादाचा उत्तरार्धही लक्षणीय आहे. २०२३ साली घटनेत १०६ वी दुरुस्ती होऊन लोकसभा व विधानसभांत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागांची, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या जागांतही त्यांतील स्त्रियांसाठी तेवढ्याच वाट्याची तरतूद झाली. तिची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांवर सोपविण्यात आली. १९३३ साली सुशिक्षित स्त्रीनेत्यांनी जे तत्त्व म्हणून नाकारले आणि १९४२ साली बिडी व गिरणी कामगार स्त्रियांनी जे अनुभवाने मागितले, ते ८१ वर्षांनी घटनेच्या पानावर आले.

समारोप

या दोन परिषदांच्या इतिहासावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पायरीबद्ध लोकशाही रचना ही कोणत्याही संघटनेची मोठी शक्ती आहे. तिच्यावाचून प्रश्नाची मोहीम होत नाही, हे महिला परिषदेने शारदा कायद्याच्या वेळी सिद्ध केले. पण पायऱ्या नीट असल्या तरी पहिल्या पायरीवर कोण पोहोचते, हा प्रश्न शिल्लक राहतो. भाषा, खर्च, वेळ आणि पंगत या चार गोष्टी कोणत्याही घटनेत लिहिलेल्या नसतात, आणि प्रश्नांची निवड मात्र बहुधा त्याच करतात. उलटपक्षी, ज्यांनी प्रश्न स्वतः सोसला त्यांनी तो मांडला म्हणजे मागणीला आकडा येतो, नेमकेपणा येतो. परंतु दप्तर, निधी व सातत्य यांच्याअभावी तो आवाज दोन परिषदांच्या मध्ये हरवतो.

आजही आपल्या गावोगावच्या महिला मंडळांत, वस्ती समित्यांत आणि विहारांतील सभांत ठराव होतात. त्या ठरावांची वही उघडून पाहावी. मागच्या वर्षी मांडलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्न सभेला येऊ न शकणाऱ्या बाईचे होते, मोलकरणीचे, सफाई कामगार भगिनीचे, रात्रपाळीच्या परिचारिकेचे? त्यांच्या घरी जाऊन त्यांचा छंद कोणी आणला होता काय? नसेल, तर पुढच्या सभेची सूचना काढण्यापूर्वी ते काम करावे. जाईबाई चौधरी यांच्या अनुभवाने शिकविलेला धडा तोच आहे.